उद्योजकतेचे सीमापार ऑनलाइन शिक्षण : विद्यापीठांचे सहकार्य आणि स्थानिक दुव्याची जबाबदारी

परदेशातील नामवंत विद्यापीठांचे उद्योजकताविषयक पाठ आज खेड्यातील मोबाइलवरही पाहता येतात. २०१२ मध्ये कोर्सेरा आणि एडएक्स ही ऑनलाइन शिक्षणाची व्यासपीठे सुरू झाली आणि त्यानंतर अशा अभ्यासक्रमांची संख्या झपाट्याने वाढत गेली. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने २०१४ मध्ये एडएक्सवर उद्योजकतेचा जो प्राथमिक अभ्यासक्रम दिला, त्याच्या शीर्षकातच 'तुमचा ग्राहक कोण?' हा प्रश्न होता. संगणक प्रणाली विकणाऱ्याला हा प्रश्न जितका लागू पडतो, तितकाच तो हळद, अळिंबी किंवा भाजीपाल्याची रोपे विकणाऱ्यालाही लागू पडतो.

तथापि पाठ उपलब्ध होणे आणि उद्योग उभा राहणे यांत मोठे अंतर आहे. ग्रामीण युवक अभ्यासक्रम पूर्ण करतो, प्रमाणपत्र मिळवतो, कर्ज काढून शेड उभारतो आणि पहिला माल तयार झाल्यावर खरेदीदार शोधू लागतो. कर्जाचा हप्ता मात्र ग्राहकाची वाट पाहत नाही. म्हणूनच शिक्षण कोणत्या देशातून आले यापेक्षा, शिकणाऱ्याने शिकत असतानाच बाजारात पाऊल टाकले की नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. विस्तार कार्यकर्ते आणि प्रगतिशील शेतकरी यांची या प्रक्रियेतील भूमिका स्पष्ट करणे हा या लेखाचा उद्देश आहे.

सहकार्याचे तीन प्रकार

विद्यापीठांमधील सीमापार सहकार्य व्यवहारात प्रामुख्याने तीन रूपांत दिसते.

पहिला प्रकार खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमाचा. एक किंवा अनेक संस्था मिळून पाठ ध्वनिचित्रमुद्रित करतात आणि कोणत्याही देशातील व्यक्तीला त्यांत नाव नोंदवता येते. खर्च कमी आणि विस्तार मोठा, ही या प्रकाराची जमेची बाजू होय. शिकणारा एकटा पडतो, ही त्याची उणीव.

दुसरा प्रकार सहयोगी अध्यापनाचा. दोन देशांतील दोन प्राध्यापक आपापल्या वर्गांना एकत्र आणून काही आठवडे समान विषय शिकवतात. दोन्हीकडील विद्यार्थ्यांचे मिश्र गट एकाच कामावर मेहनत घेतात. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाने २००६ मध्ये या पद्धतीसाठी स्वतंत्र केंद्र स्थापन केले आणि आज 'कॉइल' या नावाने ती अनेक देशांत वापरली जाते. परस्परांची ओळख, लहान सामाईक कृती, संयुक्त प्रकल्प आणि शेवटी शिकलेल्या गोष्टींचे चिंतन, असा तिचा साधारण क्रम असतो. विद्यार्थ्याला प्रवासखर्च येत नाही आणि प्रत्येक संस्था आपल्या विद्यार्थ्यांचे मूल्यांकन स्वतःच करते.

तिसरा प्रकार प्रशिक्षकांच्या प्रशिक्षणाचा. येथे परदेशी विद्यापीठ थेट विद्यार्थ्यांना शिकवत नाही. ते स्थानिक अध्यापकांना पद्धत शिकवते आणि पुढील काम स्थानिक अध्यापक करतात. बाहेरून तंत्र यावे आणि ते गावच्या माणसाच्या हाती सोपवले जावे, ही विस्तार शिक्षणाची रीत असल्याने कृषी क्षेत्राला हा प्रकार सर्वांत जवळचा आहे.

केवळ पाठ दिल्याने काय साधते?

खुल्या अभ्यासक्रमांच्या मर्यादेविषयी आता पुरेशी माहिती उपलब्ध आहे. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या एडएक्सवरील अभ्यासक्रमांचा सहा वर्षांचा आढावा २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०१७-१८ या वर्षात नाव नोंदवलेल्यांपैकी केवळ ३.१३ टक्के व्यक्तींनी अभ्यासक्रम पूर्ण केला. शिकणाऱ्यांपैकी बहुतेक जण सुस्थितीतील देशांतील असल्याचेही त्यात आढळले. शिक्षणाची दारे सर्वांसाठी उघडली, तरी त्यांतून आत येणारे आणि शेवटपर्यंत टिकणारे लोक थोडेच, असा याचा अर्थ होतो.

काय शिकवावे, याविषयी पश्चिम आफ्रिकेतील टोगो देशात झालेला प्रयोग मार्गदर्शक आहे. अनेक देशांतील संशोधकांनी एकत्र येऊन तेथील १,५०० छोट्या व्यावसायिकांचे तीन गट केले. एका गटाला हिशोब, विपणन, वित्त या विषयांचे पारंपरिक प्रशिक्षण देण्यात आले. दुसऱ्या गटाला स्वतः पुढाकार घेणे, नव्या संधी शोधणे, अडचणींचा आधीच विचार करणे आणि प्रयत्न चालू ठेवणे यांचा सराव देण्यात आला. तिसऱ्या गटाला प्रशिक्षण दिले नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पुढाकाराचे प्रशिक्षण घेतलेल्यांच्या नफ्यात ३० टक्के वाढ झाली. पारंपरिक प्रशिक्षणाच्या गटात दिसलेली ११ टक्के वाढ सांख्यिकीय कसोटीवर टिकली नाही.

या प्रयोगातील एक बाब विस्तार कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात घ्यावी. वर्गातील प्रशिक्षण संपल्यावर प्रशिक्षकांनी पुढील चार महिने दरमहा व्यावसायिकाच्या जागी जाऊन भेट दिली. ज्याने शिकवले त्यानेच दुकानात जाऊन शिकवलेले प्रत्यक्षात उतरते आहे का, ते पाहिले. कृषी विज्ञान केंद्राच्या प्रक्षेत्र भेटीचे तत्त्व याहून वेगळे नाही.

कंपाला येथील विद्यार्थी आणि त्यांचे छोटे भांडवल

हाच विचार विद्यापीठाच्या वर्गात कसा आणता येतो, हे जर्मनीतील ल्युनेबुर्ग येथील लॉयफाना विद्यापीठ आणि युगांडाची राजधानी कंपाला येथील मॅकेरेरे विद्यापीठ यांच्या सहकार्यातून दिसते. विद्यार्थ्यांसाठीचा हा उद्योजकता कार्यक्रम 'स्टेप' या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. सुमारे १२ आठवड्यांच्या या कार्यक्रमात विद्यार्थ्यांचे लहान गट केले जातात. प्रत्येक गटाला जवळपास १०० अमेरिकी डॉलर इतके प्रारंभिक भांडवल मिळते आणि अभ्यासक्रम चालू असतानाच त्यांना खराखुरा व्यवसाय सुरू करावा लागतो.

या आराखड्यात कागदावरील व्यवसाय-योजनेला दुय्यम स्थान आहे. आठवड्याच्या पाठात शिकलेली गोष्ट त्याच आठवड्यात विक्रीच्या कामी लावायची असते. चूक झाली तर तिची किंमत लहान असते आणि ती वर्गात चर्चेला येते. मॅकेरेरे येथील मूल्यमापनात, प्रशिक्षण न घेतलेल्या तुलना-गटापेक्षा प्रशिक्षित विद्यार्थ्यांमध्ये व्यवसाय सुरू करण्याचे प्रमाण अधिक आढळले. हा कार्यक्रम पुढे आफ्रिका आणि आशियातील इतर देशांतही गेला.

हे मूळ प्रशिक्षण वर्गात, समोरासमोर दिले जाणारे होते. त्याचा कोणता भाग ऑनलाइन नेता येईल आणि कोणता नाही, हे ठरवण्यासाठी भारतातील अनुभव उपयोगी पडतो.

भारतातील अनुभव : कानपूर आणि थेनी

राष्ट्रकुल देशांनी स्थापन केलेली 'कॉमनवेल्थ ऑफ लर्निंग' ही संस्था कॅनडातून काम करते. तिने आयआयटी कानपूरच्या सहकार्याने २०१३ मध्ये 'विकासासाठी मोबाइल' या विषयावर सहा आठवड्यांचा खुला अभ्यासक्रम घेतला. त्यात १०० हून अधिक देशांतील व्यक्ती सहभागी झाल्या. पुढे याच सहकार्यातून कृषी विषयांचे खुले अभ्यासक्रम देणारा 'अॅगमूक्स' हा उपक्रम उभा राहिला. त्यासाठी आयआयटी कानपूरने विकसित केलेली 'मूकिट' ही प्रणाली कमी वेगाच्या इंटरनेटचा विचार करून बनवलेली आहे. माळीकाम करणाऱ्यांसाठी तर साध्या मोबाइल फोनवर ध्वनिपाठ देण्याचाही प्रयोग झाला. चित्रफीत पाहण्याइतके इंटरनेट नसले, तरी शिकणे थांबू नये, हा त्यामागील विचार होता.

त्याच संस्थेचा 'शेतकऱ्यांसाठी आजीवन शिक्षण' हा उपक्रम २००४ मध्ये तमिळनाडूत सुरू झाला. थेनी जिल्ह्यातील ग्रामीण महिलांनी शेळीपालनासाठी बँकेचे कर्ज घेतले आणि त्यांना मोबाइलवर ध्वनिसंदेशांतून शेळ्यांची निवड, आहार, आरोग्य यांची माहिती मिळत राहिली. येथे शिक्षण, कर्ज आणि महिलांचे संघटन या तीन गोष्टी एकत्र बांधल्या होत्या. कर्ज घेतलेल्या महिलेला शिकण्याची निकड होती आणि शिकणाऱ्या महिलेवर बँकेचा विश्वास बसत होता. हा नमुना पुढे आफ्रिका आणि कॅरिबियनमधील राष्ट्रकुल देशांतही नेण्यात आला.

यावरून भारत हा केवळ परदेशी ज्ञानाचा ग्राहक नाही, हेही ध्यानात येते. परराष्ट्र मंत्रालयाने २०१९ मध्ये आफ्रिकी देशांसाठी 'ई-विद्याभारती' हा ऑनलाइन शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला आणि त्यात पाच वर्षांत १५,००० शिष्यवृत्त्या देण्याचे ठरवले. लहान जमीनधारणा, कमी भांडवल आणि नाशवंत माल या अडचणी युगांडा आणि भारत या दोन्ही देशांत आहेत. त्यामुळे सहकार्यासाठी नेहमी अमेरिका किंवा युरोपकडेच पाहण्याचे कारण नाही.

पडद्यावर काय, गावात काय?

वरील अनुभवांतून कामाची विभागणी पुढीलप्रमाणे करता येते.

संकल्पना, हिशोबाच्या पद्धती, ग्राहकाची मुलाखत कशी घ्यावी याचे तंत्र आणि इतर देशांतील उदाहरणे हा भाग ऑनलाइन उत्तम रीतीने शिकवता येतो. तो पुन्हा ऐकता येतो आणि हजारोंपर्यंत पोहोचतो.

प्रत्यक्ष ग्राहकाची भेट, मालाचा नमुना, किमतीची घासाघीस, उधारीची वसुली, परवाना आणि बँकेचा अर्ज हा भाग स्थानिक पातळीवरच होतो. परदेशातील प्राध्यापकाला तालुक्याच्या बाजाराचा दिवस, आडत्याची पद्धत किंवा श्रावणात कोणत्या मालाचा खप वाढतो, हे ठाऊक असणार नाही. ही माणसे आणि ही माहिती कृषी विज्ञान केंद्र, 'आत्मा' यंत्रणा, शेतकरी उत्पादक कंपनी आणि अनुभवी शेतकरी यांच्यापाशी असते. सीमापार अभ्यासक्रमाचा स्थानिक दुवा म्हणून त्यांचे नाव करारातच नमूद असावे.

दोन बाबींकडे प्रारंभीच लक्ष द्यावे लागते. पहिली बाब वेळेची. भारतात दुपारचे ४ वाजले असता युगांडात दुपारचा १.३० वाजलेला असतो; जर्मनीत उन्हाळ्यात दुपारचे १२.३०, तर न्यूयॉर्कमध्ये सकाळचे ६.३०. थेट सत्रे त्यामुळे थोडी ठेवावीत आणि ती पेरणी-काढणीच्या धांदलीत येऊ देऊ नयेत. दुसरी बाब भाषेची. इंग्रजी पाठाचे शब्दशः भाषांतर पुरेसे नसते; उदाहरणे, मापे आणि चलन स्थानिक करावे लागते. हे काम विषय विशेषज्ञाकडे सोपवल्यास पाठ खऱ्या अर्थाने आपला होतो.

१२ आठवड्यांचा नमुना : धिंगरी अळिंबी

कृषी विज्ञान केंद्राने दहा युवकांचा गट घेऊन असा कार्यक्रम कसा राबवावा, हे धिंगरी अळिंबीच्या उदाहरणाने स्पष्ट करता येईल. युगांडातही धिंगरी अळिंबी पिकवली जाते. तेथे सरकीच्या टरफलांचा वापर होतो, तर भारतात भात, गहू किंवा सोयाबीनचे काड वापरतात. त्यामुळे दोन्ही देशांतील गटांना एकमेकांचे अनुभव ताडून पाहता येतात.

१ व २ आठवडा : ग्राहक ओळखण्याविषयीचे ऑनलाइन पाठ. त्याच काळात प्रत्येक युवकाने किमान दहा संभाव्य खरेदीदारांना भेटावे : उपाहारगृहे, भाजी विक्रेते, शहरातील कुटुंबे. 'आवडेल का?' असे न विचारता 'मागील महिन्यात किती घेतली, कोणत्या दिवशी आणि काय दराने?' असे विचारावे.

३ ते ५ आठवडा : गटाने मिळून ४० पिशव्या भराव्यात. केंद्राने अळिंबीचे बियाणे, म्हणजेच स्पॉन, काडाचे निर्जंतुकीकरण आणि स्वच्छता यांचे प्रात्यक्षिक द्यावे. भांडवल परतफेडीच्या अटीवर द्यावे.

६ ते १० आठवडा : पिशव्या भरल्यापासून साधारण तीन ते चार आठवड्यांत पहिली तोडणी मिळते. विक्रीची नोंद रोजच्या रोज ठेवावी. परदेशी गटासोबत दोन थेट सत्रे घेऊन नोंदींची तुलना करावी.

११ व १२ आठवडा : हिशोब पूर्ण करावा आणि तो परदेशी अध्यापक, स्थानिक बँक अधिकारी आणि एक अनुभवी उत्पादक यांच्यासमोर मांडावा.

हिशोबाचे स्वरूप पाहू. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी गृहीत धरले आहेत. एका पिशवीचा खर्च ६० रुपये धरल्यास ४० पिशव्यांना २,४०० रुपये लागतील. प्रत्येक पिशवीपासून अर्धा किलो उत्पादन धरल्यास २० किलो अळिंबी मिळेल. किलोला २०० रुपये दराने सर्व माल विकला गेला, तर ४,००० रुपये येतील आणि १,६०० रुपये शिल्लक दिसतील.

परंतु समजा, उपाहारगृहाची मागणी केवळ शनिवार-रविवारची आहे आणि तोडणी मात्र रोज येते. ताजी अळिंबी लवकर खराब होते. ६ किलो माल विकला गेला नाही, तर उत्पन्न २,८०० रुपयांवर येईल आणि शिल्लक ४०० रुपये राहील. त्यात घरच्या श्रमाची किंमत धरावयाची आहे. ३० तासांचे काम, तासाला ५० रुपये, असे १,५०० रुपये धरल्यास सर्व माल विकूनही शिल्लक केवळ १०० रुपये उरते आणि ६ किलो माल पडून राहिल्यास १,१०० रुपयांचा तोटा होतो.

हा तोटा २,४०० रुपयांच्या चाचणीत कळणे आणि कर्ज काढून शेड बांधल्यानंतर कळणे, यांतील फरक एका कुटुंबाला सावरणारा किंवा बुडवणारा असू शकतो. चाचणीनंतर गटासमोर निश्चित प्रश्न उभे राहतात. सर्व पिशव्या एकदम न भरता आठवड्याच्या अंतराने दहा-दहा भराव्यात का? विकला न गेलेला माल वाळवावा का? सहा किलो ताज्या अळिंबीपासून सुमारे ६०० ग्रॅम वाळलेली अळिंबी मिळते. तिला ग्राहक आहे का? युगांडातील गटाने शिल्लक मालाचे काय केले? परदेशी सहकार्याचा खरा उपयोग येथे होतो. तयार उत्तर बाहेरून मिळत नाही. वेगळ्या परिस्थितीतील माणसाने तोच प्रश्न कसा हाताळला, हे पाहावयास मिळते.

मान्यता आणि प्रमाणपत्र याविषयी दक्षता

सीमापार अभ्यासक्रमाच्या जाहिरातीत 'पदवी', 'पदविका', 'प्रमाणपत्र' हे शब्द सैलपणे वापरले जातात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये भारतीय आणि परदेशी संस्थांमधील ट्विनिंग, संयुक्त पदवी आणि दुहेरी पदवी कार्यक्रमांसाठी विनियम केले. ते ऑनलाइन आणि दूरस्थ पद्धतीने चालणाऱ्या कार्यक्रमांना लागू नाहीत. त्यामुळे केवळ ऑनलाइन शिकून या विनियमांखाली परदेशी विद्यापीठाची संयुक्त पदवी मिळेल, असा दावा कोणी केल्यास शुल्क भरण्यापूर्वी संबंधित विद्यापीठाकडे लेखी चौकशी करावी. 'स्वयम्' या राष्ट्रीय व्यासपीठावरील अभ्यासक्रमांचे श्रेयांक मात्र नियमांच्या मर्यादेत विद्यापीठाला स्वीकारता येतात.

कर्ज आणि अनुदानाच्या बाबतीतही हीच दक्षता हवी. २००२ मध्ये सुरू झालेल्या कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजनेत हैदराबाद येथील 'मॅनेज' संस्थेच्या देखरेखीखाली नियुक्त संस्थांत प्रशिक्षण घ्यावे लागते. परदेशी ऑनलाइन प्रमाणपत्र हे त्या प्रशिक्षणाला पूरक ठरू शकते. त्याची जागा घेऊ शकत नाही. कृषी पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१५ पासून राबवला जाणारा 'स्टुडंट रेडी' कार्यक्रम हे अशा सहकार्याचे स्वाभाविक स्थान आहे. त्यातील ग्रामीण कार्यानुभव आणि अनुभवाधारित शिक्षण यांना परदेशी वर्गाची जोड दिल्यास वेगळा अभ्यासक्रम उभारण्याची गरज पडत नाही.

अभ्यासक्रम निवडताना विचारावयाचे प्रश्न

१. अभ्यासक्रमात प्रत्यक्ष विक्री अनिवार्य आहे का, की केवळ व्यवसाय-योजना लिहावयाची आहे?
२. स्थानिक मार्गदर्शक कोण आणि तो किती वेळा प्रत्यक्ष भेट देणार?
३. पाठ मराठीत किंवा शिकणाऱ्याच्या भाषेत आहेत का? कमी वेगाच्या इंटरनेटवर ते चालतात का?
४. शुल्क किती, परतावा मिळतो का आणि प्रमाणपत्र कोणाच्या नावाने मिळते?
५. शिकणाऱ्यांची माहिती आणि व्यवसायाच्या कल्पना यांवर हक्क कोणाचा?
६. अभ्यासक्रम संपल्यानंतर किमान चार महिने पाठपुरावा कोण करणार?

यांपैकी दुसऱ्या आणि सहाव्या प्रश्नाचे उत्तर परदेशी विद्यापीठाकडे मिळणार नाही. ते कृषी विज्ञान केंद्राने आणि गावातील जाणत्या शेतकऱ्यानेच द्यावयाचे आहे. करारावर सही होण्यापूर्वी हे उत्तर तयार असेल, तर दूरच्या वर्गातील पाठ गावातील बाजारापर्यंत पोहोचण्याची शक्यता निश्चितच वाढेल.